खाज, वास आणि पांढरं जाणं: थांबून बघायचं कधी, डॉक्टरकडे जायचं कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 28, लग्नाला तीन वर्षं झालेली. दीड-दोन महिन्यांपासून अंगावरून पांढरं जातंय, खाज येतेय. मेडिकलवाल्यानं फ्लुकोनाझोलची 150 ची एक गोळी दिली, आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा तीच गोळी घेतली, या वेळी काहीच फरक नाही आणि आता संबंधांनंतर घाण वास येतो. सासूबाईंचं म्हणणं अशक्तपणा आहे, कॅल्शियम घे. तालुक्याच्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर आहेत म्हणून जायला संकोच वाटतो. डॉक्टरकडे जायलाच हवं का, आणि हे किती गंभीर आहे, असं त्यांनी विचारलंय.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. ताई, ताप नसेल, ओटीपोटात दुखत नसेल आणि पाळी चुकलेली नसेल तर आज रात्री धावपळ करण्यासारखं यात काही नाही. पण या आठवड्यात तपासून घ्या, आणि ती गोळी तिसऱ्यांदा घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते शेवटी आलेलं वाक्य, संबंधांनंतर वास येतो हे. तुमची गोळी बुरशीवरची आहे आणि असा वास बुरशीमुळे सहसा येत नाही. म्हणजे एक तर पहिल्यापासून आजार वेगळा होता, किंवा बुरशी होती आणि आता तिच्या जोडीला दुसरं काही आलंय. यातलं कोणतं, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

मुळात पांढरं जाणं हा आजार नाही, हे आधी पक्कं करू. पाळी सुरू झालेल्या प्रत्येक बाईला रोज थोडा स्राव होतो, साधारण 1 ते 4 मिलिलिटर, म्हणजे जास्तीत जास्त चमचाभर. तो महिनाभर सारखा नसतो. पाळी संपल्यावर कमी असतो. दोन पाळ्यांच्या मधोमध, अंडं सुटायच्या सुमारास, तो पारदर्शक, बुळबुळीत, दोन बोटांत धरला तर तार ओढली जाईल असा होतो. पाळीच्या आधी पुन्हा दाट आणि पांढरट होतो. चड्डीवर वाळला की पिवळसर डाग दिसतो, तोही नेहमीचाच. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना किंवा कामेच्छा जागी झाल्यावर प्रमाण वाढतं. म्हणून 'किती जातं' यापेक्षा 'माझ्या नेहमीपेक्षा काय बदललं' हा प्रश्न जास्त उपयोगाचा. रंग बदलला का, वास बदलला का, दाटपणा बदलला का, आणि सोबत खाज, जळजळ, दुखणं किंवा रक्त आहे का. यातलं काहीच नसेल, नुसतं प्रमाण थोडं जास्त असेल, तर बहुधा औषधाची गरज नसते.

आता आतली व्यवस्था थोडी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल. योनिमार्गाच्या पेशींत एक प्रकारची साखर साठलेली असते. तिथे राहणारे लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू त्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे आतला पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) 3.8 ते 4.5 इतका आंबट राहतो आणि बाकीच्या जंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. हे उपयोगी जंतू कमी झाले की आंबटपणा जातो आणि एरवी कोपऱ्यात पडून असलेले दुसरे जंतू भराभर वाढतात. यालाच बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. स्राव पातळ, राखाडी-पांढरा, सगळीकडे सारखा पसरलेला असतो. मासळीसारखा कुबट वास येतो. खाज मात्र फारशी नसते, आणि जवळपास निम्म्या बायकांना तर काही जाणवतही नाही. वास संबंधांनंतर आणि पाळीत का वाढतो, याला साधं कारण आहे. वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे. ते आतल्या स्रावात मिसळले की त्या जंतूंनी बनवलेली वासाची द्रव्यं हवेत उडू लागतात. बाईनं नुसतं 'संबंधांनंतर वास येतो' म्हटलं तरी माझा पहिला संशय इकडे जातो, तो यामुळेच.

बुरशीचं, म्हणजे कँडिडाचं, चित्र वेगळं. त्यात खाज हीच मुख्य तक्रार, आणि ती झोप मोडणारी असते. स्राव दाट, फुटलेल्या दह्यासारखा, गुठळ्यांचा. बाहेरचा भाग लाल, सुजलेला, कधी बारीक चिरा पडलेल्या. लघवी करताना जळजळ होते, पण ती आत होत नाही. बाहेरच्या सोललेल्या त्वचेला लघवी लागल्यावर चरचरतं. मूत्रमार्गाच्या संसर्गात जळजळ आतून येते आणि सारखी-सारखी, थोडी-थोडी लघवी लागते. दोन्हींतला हा फरक बायका नेमका सांगू शकतात, फक्त कुणी तसं विचारत नाही. बुरशीत वास नसतो किंवा अगदी किरकोळ असतो, आणि पीएच नॉर्मलच राहतो. त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतो. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, तेव्हा त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि चारित्र्याशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही.

तिसरा आजार ट्रायकोमोनास. हा एकपेशीय परजीवी आहे आणि लैंगिक संबंधांतून पसरतो. स्राव पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ. खाज आणि वास दोन्ही एकत्र, वर संबंधांच्या वेळी दुखणं. नवऱ्याला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो, म्हणून 'मला काही नाही, मी कशाला औषध घेऊ' हे वाक्य इथे फार महागात पडतं. आणि हा परजीवी महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो, त्यामुळे निदान झालं म्हणजे कुणीतरी आत्ताच फसवलं, असा निष्कर्ष काढू नका. तुमच्या बाबतीत खाज आणि वास दोन्ही आहेत, म्हणून याची शंका दूर करणं मला गरजेचं वाटतं.

ही तीन चित्रं मी वेगवेगळी मांडली खरी, पण प्रत्यक्षात ती इतकी सुटी नसतात. दोन आजार एकत्र असू शकतात, लक्षणं अर्धवट असू शकतात. अमेरिकेतल्या एका पाहणीत (2002) 'आपल्याला बुरशीच झालीय' असं ठरवून दुकानातून औषध घेतलेल्या बायकांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या जेमतेम एक-तृतीयांश बायकांना नुसती बुरशी निघाली. बाकीच्यांना दुसरं काहीतरी होतं, मिश्र होतं, किंवा संसर्गच नव्हता. म्हणून माझा साधा नियम असा: डॉक्टरांनी तपासून एकदा बुरशीचं निदान केलेलं असेल आणि पुन्हा अगदी तसाच त्रास झाला, तर एक कोर्स घ्यायला हरकत नाही. पहिल्यांदाच त्रास होत असेल, वास असेल, दिवस गेले असतील किंवा औषधानं आठवड्यात बरं वाटलं नसेल, तर अंदाजानं औषध घ्यायचं नाही.

संसर्ग नसतानाही खाज येते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकून त्यानं खाली धुणं, सुगंधी वॉश, वासाचे पॅड, केस काढायचं क्रीम, तुरटीचं पाणी, कडुलिंबाच्या पाल्याचा काढा: या सगळ्यानं तिथली नाजूक त्वचा भाजते आणि ती जळजळ संसर्गासारखीच वाटते. मग बाई आणखी जोरात धुते, त्रास आणखी वाढतो. पाळी गेलेल्या बाईला कोरडेपणा, जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं आणि थोडा पिवळट स्राव होतो. तिथे बुरशी क्वचितच असते, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्यानं अस्तर पातळ झालेलं असतं आणि त्यावर थोड्या प्रमाणात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम चांगलं काम करतं. महिनोन्‌महिने रात्री खाज आणि त्वचेवर पांढरे, सुरकुतलेले चट्टे असतील तर तो त्वचेचा आजार असू शकतो. त्यावर बुरशीचं मलम कितीही चोळलं तरी उपयोग नाही, आणि तो अंगावर काढणं धोक्याचंही आहे. दुखरे फोड आले असतील तर नागीण वर्गातल्या हर्पीसचा विचार करावा लागतो.

इथे एका गोष्टीबद्दल कळकळीनं सांगते. दुकानात नायट्याचं म्हणून मिळणारी तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमं, ज्यांत बुरशीनाशकासोबत जोरदार स्टेरॉइड असतं, ती या भागाला अजिबात लावू नका. दोन दिवसांत खाज गायब होते, म्हणून ती गुणकारी वाटतात. पण स्टेरॉइड खाज दाबतं आणि त्याच्या आड बुरशी मांड्यांपर्यंत पसरते, त्वचा पातळ होते, पांढऱ्या रेघा पडतात. मग मलम बंद केलं की आग, आणि लावलं की तात्पुरता आराम, अशा चक्रात बाई अडकते. घरात कुणाची अर्धी वापरलेली ट्यूब पडली असेल तर ती टाकून द्या.

आता तपासणीत नेमकं काय होतं ते सांगते, कारण भीती बहुतेक त्याचीच असते. आधी लघवी करून यायचं. टेबलावर पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, अंगावर चादर असते. डॉक्टर आधी बाहेरची त्वचा बघतात: लाली, चिरा, फोड, चट्टे. मग स्पेक्युलम नावाचं उपकरण ओलं करून हळूच आत सरकवतात, त्यानं दोन भिंती बाजूला होतात आणि गर्भाशयाचं तोंड दिसतं. दाब जाणवतो, कळ येऊ नये. आली तर तसं लगेच सांगायचं, डॉक्टर थांबतात. खाली ढुंगण सैल सोडून तोंडानं सावकाश श्वास सोडला तर निम्मा त्रास कमी होतो. कापसाच्या काडीनं बाजूच्या भिंतीवरचा स्राव घेतात. तो पीएचच्या कागदी पट्टीवर टेकवला की रंग बदलतो: 4.5 च्या आत असेल तर बुरशीकडे कल, वर असेल तर व्हजायनोसिस किंवा ट्रायकोमोनासकडे. थोडा स्राव काचपट्टीवर सलाईनच्या थेंबात मिसळतात, थोडा 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. या दुसऱ्या थेंबातून मासळीचा वास आला तर तोही एक पुरावा. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. व्हजायनोसिसमध्ये पेशींच्या कडा जंतूंनी इतक्या झाकलेल्या असतात की त्या धूसर, दाणेदार दिसतात. ट्रायकोमोनास तर जिवंत वळवळताना दिसतो, पण थेंब गार पडला की त्याची हालचाल थांबते आणि मग तो साध्या पांढऱ्या पेशीसारखा वाटतो. म्हणून ही काच लगेच बघावी लागते. सॅम्पल दूरच्या लॅबला पाठवून दुसऱ्या दिवशी आलेला 'ट्रायकोमोनास नाही' हा रिपोर्ट माझ्या दृष्टीनं अर्धाच. स्पेक्युलम घालण्यापासून स्राव घेण्यापर्यंतचं काम दोन-तीन मिनिटांचं असतं.

तपासणीच्या आधी दोन दिवस आत काही धुऊ नका, योनिमार्गात ठेवायची गोळी किंवा क्रीम वापरू नका, संबंध ठेवू नका. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर जा, कारण रक्तामुळे पीएचचा अंदाज चुकतो. (रक्तस्राव हीच तक्रार असेल तर मात्र थांबायचं नाही.) कधीच संबंध आले नसतील तर ते आधीच सांगा, अशा वेळी स्पेक्युलम वापरत नाहीत, बाहेरून बारीक काडीनं सॅम्पल घेतात.

एक सावधगिरी रिपोर्टबद्दल. योनिमार्गाचं कल्चर केलं, म्हणजे स्रावातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघितले, तर काहीतरी उगवतंच, कारण तिथे जंतू असतातच. 'ई. कोलाय' असं जंतूचं नाव छापून आलं म्हणजे आजार झाला असं नव्हे, आणि निरोगी बायकांमध्येही शंभरात दहा ते वीस जणींच्या कल्चरमध्ये कँडिडा उगवते. लक्षणं नसताना अशा रिपोर्टवर अँटिबायोटिक घेतलं तर उपयोगी जंतू मरतात आणि खरा त्रास तेव्हापासून सुरू होतो. पॅप तपासणीत (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बघतात ती) 'इन्फ्लमेटरी', म्हणजे सूज असल्याचा, शेरा आला म्हणूनही सरसकट औषध लागत नाही.

लहान गावात सूक्ष्मदर्शक नसतो, हेही खरं. त्यासाठी सरकारी दवाखान्यांत लक्षणांवरून उपचार करायची पद्धत आहे. रंगांप्रमाणे औषधांची पाकिटं असतात आणि योनिमार्गातल्या स्रावासाठी हिरवं पाकीट: त्यात सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम, म्हणजे व्हजायनोसिस, ट्रायकोमोनास आणि बुरशी तिन्ही एकदम आवाक्यात येतात. ते फुकट मिळतं. जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' म्हणून यासाठी वेगळी खोली असते. पण हिरवं पाकीट गर्भाशयाच्या तोंडाच्या संसर्गावर चालत नाही. क्लॅमिडिया आणि गनोरिया हे संबंधांतून पसरणारे संसर्ग तिथे बसतात आणि त्यांच्यासाठी करड्या रंगाचं पाकीट वेगळं असतं, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमचं. म्हणून हिरवं पाकीट घेऊनही आठवड्यात बरं वाटलं नाही तर परत जायचं.

चिठ्ठी हातात आली की ती समजावी म्हणून औषधांबद्दल थोडं. बुरशीसाठी क्लोट्रिमाझोलची योनिमार्गात ठेवायची गोळी असते, 100 मिलिग्रॅमची सहा-सात रात्री किंवा 500 ची एकदाच. हात धुऊन, झोपायच्या वेळी, पाठीवर पडून गुडघे दुमडून बोट जाईल तितकी आत सरकवायची आणि मग उठायचं नाही. गोळी तोंडाशीच राहिली की विरघळून बाहेर येते आणि 'औषध लागू पडलं नाही' असं वाटतं. सकाळी थोडा पांढरा चुरा बाहेर येतो, त्यासाठी साधा पॅड पुरतो. अशा गोळ्या-क्रीमनं निरोधचं रबर कमजोर होऊ शकतं, तेवढे दिवस त्यावर भिस्त ठेवू नका. आराम पडायला दोन-तीन दिवस लागतात. व्हजायनोसिससाठी मेट्रोनिडाझोल 400 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस, जेवणानंतर. तोंडाला लोखंडी चव येते, मळमळतं, आणि तिसऱ्या दिवशी वास गेला की बऱ्याच जणी गोळ्या बंद करतात. सातही दिवस पूर्ण करा. तरीही हा आजार परत येण्याची खोड मोठी आहे, वर्षभरात निम्म्याहून जास्त बायकांना तो पुन्हा होतो. पूर्वी आम्ही यात नवऱ्याला औषध देत नव्हतो. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात कायमच्या जोडीदारालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. तुमचा त्रास व्हजायनोसिसचा निघाला आणि परत-परत येऊ लागला, तर डॉक्टरांशी हा विषय जरूर काढा. ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्याचं औषध एकाच वेळी हवंच, दोघांचा कोर्स संपून त्रास जाईपर्यंत संबंध नकोत, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बुरशीत त्याला स्वतःला खाज किंवा लाली असेल तरच औषध.

बुरशी वर्षात तीन-चार वेळा येत असेल तर औषध बदलत बसण्याआधी रक्तातली साखर तपासा, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) सकट. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांच्या जातीच्या, साखर लघवीतून बाहेर टाकतात आणि त्यामुळे त्या भागात बुरशी सहज धरते. गोळी परस्पर बंद करू नका, पण ज्यांनी ती दिली त्यांना हा त्रास सांगा. नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स, स्टेरॉइड, गरोदरपण हीही नेहमीची कारणं.

आता न थांबता जायचं कधी. ओटीपोटात दुखणं आणि सोबत ताप, उलटी किंवा घाण वासाचा स्राव असेल तर त्याच दिवशी दाखवा. संसर्ग पिशवी आणि नळ्यांपर्यंत चढल्याची ती खूण आहे. उपचार लांबले तर नळ्या चिकटतात, पुढे मूल राहायला अडचण येते किंवा गर्भ नळीतच राहतो. तांबी बसवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत असं दुखलं तर विशेष लक्ष द्या. पाळी चुकलीय आणि एका बाजूला दुखतंय, थोडं रक्त जातंय, चक्कर येतेय, तर तिथे संसर्गाचा विचारच करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. नळीतला गर्भ फुटला तर जीव धोक्यात येतो. गरोदर असताना पाण्यासारखं गळू लागलं किंवा रक्त दिसलं तर तेही त्याच वेळी. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर जाणाऱ्या स्रावाला घाण वास येऊन ताप 38 सेल्सिअसच्या म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका. टॅम्पॉन (पाळीत आत ठेवायचा कापसाचा बोळा) वापरताना अचानक जोराचा ताप, उलट्या-जुलाब, अंगावर लाल पुरळ, चक्कर आली तर टॅम्पॉन काढून हॉस्पिटलला जा. फोडांमुळे लघवी अडकली तर तेही तातडीचंच. इच्छेविरुद्ध संबंध झाले असतील, किंवा एचआयव्हीचा धोका वाटेल असे संबंध आले असतील, तर 72 तासांच्या आत पोहोचा. त्या मुदतीत सुरू केलेल्या औषधांनी एचआयव्ही टाळता येतो, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं चांगलं.

आठवड्याभरात दाखवायच्या गोष्टी: तुमच्यासारखा परतलेला त्रास, पहिल्यांदाच आलेला वास, संबंधांनंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्ताचे डाग, पाळी कायमची गेल्यानंतर दिसलेला एक थेंबसुद्धा, आणि तिशीनंतर लालसर, कुजका वास असलेला स्राव. शेवटच्या तिन्हींत गर्भाशयाच्या किंवा त्याच्या तोंडाच्या कर्करोगाची शंका आधी दूर करायची असते, 'इन्फेक्शन असेल' म्हणून गोळ्या खात महिने घालवायचे नसतात. आणि गरोदर असाल तर साधी खाज सुद्धा डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणात फ्लुकोनाझोल तोंडावाटे देत नाहीत, आत ठेवायचं औषध सात दिवस देतात. पाळी न आलेल्या लहान मुलीला स्राव होत असेल तर ती कधीही दुकानातल्या औषधाची केस नव्हे. जंत असतील, आत काही अडकलं असेल, किंवा कुणी तिला त्रास देत असेल. तिन्ही शक्यता उघड्या मनानं बघाव्या लागतात.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. त्यांची काळजी खरी आहे, पण स्रावातून कॅल्शियम किंवा हाडांची ताकद वाहून जात नाही. त्यात पाणी, श्लेष्मा आणि गळलेल्या पेशी असतात. कंबरदुखी आणि थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासा, कारण तिथे खरोखर काहीतरी सापडायची शक्यता जास्त. आणि अंगावर काढायची सवय किती खोल आहे, हे महाराष्ट्राला फार पूर्वी कळलंय: 1989 मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. त्यात 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. याची दुसरी बाजूही तितकीच वाईट. अंगावरून पांढरं जातं, पुढे कॅन्सर होईल, अशी भीती घालून पिशवी काढायचा सल्ला दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, राज्य सरकारला समिती नेमावी लागली. योनिमार्गाचा संसर्ग पिशवी काढून बरा होत नाही. असा सल्ला मिळाला तर सोनोग्राफी आणि पॅप किंवा व्हीआयए (गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य आम्ल लावून बघायची) तपासणीचा कागद मागा, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. बाहेरून साध्या पाण्यानं दिवसातून एक-दोनदा धुणं पुरतं, आत धुवायचं नाही. संडासनंतर पुढून मागे धुवायचं. दही, लसूण, लिंबू आत ठेवायचं नाही. सुती, सैल चड्डी घाला आणि ती इतर कपड्यांच्या आड अंधारात वाळत घालू नका, उन्हात घाला. पावसाळ्यात ओलसर राहिली तर इस्त्री फिरवा. पॅड चार ते सहा तासांनी बदला.

राहिला पुरुष डॉक्टरांचा प्रश्न. तपासणीच्या वेळी खोलीत एक बाई, म्हणजे नर्स किंवा तुमच्या घरातली कुणी, असावी असं म्हणायचा तुमचा हक्क आहे, आणि डॉक्टरांनाही ते हवंच असतं. तरीही जमणार नसेल तर आशाताईंना विचारा, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिला डॉक्टर कोणत्या वारी असतात ते त्यांना ठाऊक असतं. बोलायला सुचत नसेल तर हे कागदावर लिहून न्या: शेवटची पाळी कधी आली, त्रास कधीपासून, रंग आणि वास कसा, खाज आत की बाहेर, दुखतं का, फ्लुकोनाझोल किती वेळा आणि कोणत्या तारखांना घेतली, कुटुंबनियोजनाचं काय वापरता, नवऱ्याला काही त्रास आहे का. घेतलेल्या गोळीचं रिकामं पाकीटही सोबत न्या. तपासल्यावर दोन प्रश्न विचारून घ्या, 'मला नेमकं काय झालंय?' आणि 'नवऱ्याला औषध लागेल का?' एचआयव्ही आणि गरमीची, म्हणजे सिफिलिसची, रक्ततपासणी सुचवली तर हो म्हणा. अशा तक्रारीत ती नेहमी करतात, सरकारी केंद्रात फुकट होते आणि रिपोर्ट गुप्त राहतो. औषध संपल्यावर आठवड्यानं त्रास पूर्ण गेला नसेल तर त्याच चिठ्ठीसकट परत त्यांच्याकडेच जा.